रॅम घेण्याआधी हे बघा
विंडोज १० चा कॉम्प्युटर संथ झालाय, बंद करताना अडकतोय, या तुमच्या प्रश्नावर वर कुणी रॅम वाढवायला सांगितलंय, पण रीस्टार्ट नीट होतं आणि शटडाऊनच अडकतं म्हणताय, तर माझा संशय फास्ट स्टार्टअपवर, म्हणजे कॉम्प्युटर पुढच्या वेळी पटकन सुरू व्हावा म्हणून असलेल्या सोयीवर. ती चालू असली की विंडोज १० शटडाऊनच्या वेळी कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर्सची (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं, रीस्टार्टला नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. (आधी वरची 'चेंज सेटिंग्ज' लिंक दाबा, नाहीतर चौकट फिकीच राहते.)

तरी संथच? टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा. काही चालू नसताना १०० टक्के दिसतोय आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग) शून्याच्या वर असेल, तर हार्ड डिस्कने मान टाकायला घेतलीय. आधी बॅकअप, मग तिच्या जागी एसएसडी. डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फाइल्स सलग लावणं) मात्र नको, तेवढ्या खडखडाटानेही ती जायची.