मदत हवी आहे: जुन्या फॉन्टमधल्या मराठी नोट्स स्क्रीन रीडरसाठी युनिकोडमध्ये कशा आणाव्यात?

नमस्कार मंडळी. मी म्हापशात बी.ए.ला मराठी शिकवते. यंदा वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे आणि आम्ही ऑनलाइन टाकलेलं निम्मं साहित्य तिला वाचताच येत नाही. मनाला फार लागतं हे.

स्कॅन केलेल्या पीडीएफ गूगल ड्राइव्हमधून ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून) घेतल्या. ‘दुसऱ्या’चं ‘दुसया’ होतं, ते हाताने दुरुस्त करतेय. खरी अडचण सुमारे १४० पानांच्या वर्ड फाइलींची आहे. त्या युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण एनव्हीडीए (संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) लावलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच ऐकू येतात. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, “मॅडम, हें मराठी न्हय.”

फॉन्ट बदलून पाहिला, तर पडद्यावरही इंग्रजी अक्षरंच उरली. ऑनलाइन कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये येतो, पण तळटीपा गायब होतात, तक्ते विस्कटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. तळटीपांतच तर शब्दार्थ आहेत.

ती घरी अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरते. तिच्याकडे सत्तरी तालुक्यात नेट मधेच जातं, म्हणून डाउनलोड करून वाचता येईल अशी फाइल हवी. विकतचं सॉफ्टवेअर सध्या शक्य नाही. नोट्स आमच्याच विभागाच्या आहेत, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही.

तळटीपा आणि तक्ते शाबूत ठेवून वर्ड फाइल थेट युनिकोडमध्ये नेणारं एखादं मोफत साधन किंवा मॅक्रो (वर्डमध्येच चालणारी छोटी आज्ञावली) कुणी स्वतः वापरलंय का? आणि शेवटी टॉकबॅकसाठी वर्ड बरं की ईपब (ई-पुस्तकाची फाइल)?