मदत हवी आहे: कयाकिंग आणि डोंगरवाट, दोन्हीला एकच सँडल पुरेल का?

नमस्कार मंडळी. एकाच दिवशी आधी नदीत कयाकिंग आणि मग ८-१० किलोमीटरची खडकाळ चढ-उतार, यासाठी सँडल निवडायची आहे. पाठीवर साधारण ६ किलो ओझं असेल.

माझी खरी अडचण पट्ट्यांची आहे. नायलॉन पाणी शोषून थोडा ताणला जातो, त्यामुळे कोरडी असताना घट्ट बांधलेली सँडल पाण्यात सैल पडते. पॉलिएस्टर कमी ताणतो, पण त्याच्या कडा ओल्या कातडीला जास्त काचतात का? वेल्क्रोत वाळू आणि गाळ अडकला की पकड जाते, म्हणून टाचेमागे तरी बकल हवं असं वाटतं. मात्र कयाकमध्ये तेच बकल किंवा पट्ट्याचं सुटं टोक पाय टेकवायच्या आधाराला अडकू शकतं, आणि बोट उलटली तर ते धोक्याचं. टोकं कापून, वितळवून घेता का?

दुसरा मुद्दा पायतळाचा, म्हणजे सँडलमध्ये पाय टेकतो त्या वरच्या थराचा. गुळगुळीत ईव्हीए (फोमसारखं हलकं प्लास्टिक) ओला झाला की उतारावर पाय पुढे घसरतो आणि बोटं बाहेर येतात. खाचांचा पायतळ याला पुरतो, की अंगठ्याचा पट्टा लागतोच?

तळाचं रबर मऊ असेल तर ओल्या खडकावर छान धरतं, पण लवकर झिजतं. शेवाळावर कुठलंच धरत नाही, हे गृहीत आहे.

बंद पुढा ठेचांपासून वाचवतो, पण आत खडे साठतात. बंद आणि उघड्या पुढ्याचे दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.