सुट्टीपेक्षा मोठी कारणं

'सुट्टी मिळाली की पुणेकर लोणावळ्याला पळतात, म्हणून पुण्यात मतदान कमी' हे मत मला अपुरं वाटतं. 2024 ला लोकसभेचं मतदान सोमवारी होतं, काहीजण गेलेही असतील. पण मार्च 2023 मध्ये पुण्याचे खासदार गिरीश बापट वारले आणि पुण्याची जागा वर्षभर रिकामीच राहिली. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असं कायदा सांगतो. उच्च न्यायालयाने आदेशही दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. खासदार नसला तरी चालतं, हेच लोकांनी यातून घ्यायचं का? मला याचा अजून राग येतो.

शिवाय भाडेकरू. कोथरूडहून वाघोलीला घर बदललं, तरी नाव जुन्याच मतदार यादीत. नाव नव्या पत्त्यावर हलवायचा फॉर्म 8 ऑनलाइन भरता येतो. आमच्या सोसायटीत नव्या भाडेकरूंना मी तो भरायला मदत करतो. कुणी अडलं असेल तर इथे विचारा.