दिलीप प्रभावळकर एका नाटकात सहा माणसं कशी उभी करत?

प्रश्न: माझ्या पिढीला प्रभावळकर ठाऊक झाले ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा म्हणून. आई मात्र दूरदर्शनवरच्या चिमणरावाबद्दलच बोलते. त्यांनी एकट्यानं सहा भूमिका केलेलं ‘हसवाफसवी’ हे नाटक रंगमंचावर पाहिलेलं कुणी आहे का? सहाही भूमिका खरंच वेगळ्या वाटायच्या?

उत्तर: मी पाहिलंय, शाळेत असताना, बाबांच्या शेजारी बसून. हसून हसून पोट दुखलं आणि मग शेवटी कृष्णराव हेरंबकर आले. थकलेले, वयोवृद्ध गायक नट. बोलताना शब्द जिभेवर अडखळायचे, हात थरथरायचा, पण जुन्या रंगभूमीचं नाव निघालं की डोळे चमकायचे. बाबा गुपचूप चष्मा पुसत होते. थोड्या वेळापूर्वी दीप्ती लुकतुके ही बाई झालेला माणूस हाच, हे मला पटेचना!

उत्तर: मी हौशी नाटकांत कपडेपट सांभाळते. दोन प्रवेशांमध्ये एक साडी बदलायची तरी विंगेत आमची धांदल उडते; निऱ्या आधीच शिवून ठेवाव्या लागतात. कपडे, विग बदलतात हो, पण श्वास कसा बदलायचा? मागचं पात्र अंगातून उतरायला वेळ लागतो. त्यांनी तर नाटक लिहिलंही स्वतःच.

प्रश्नकर्ती: आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी ‘चौकट राजा’तला नंदू बघ. १९९१चा सिनेमा. आज रात्री दोघी बसतोय.