सुट्टीपुरत्या घरासाठी बिनटाकीचा गिझर: विजेचा की गॅसचा?

प्रश्न
घर महिन्यातून दोन-तीन दिवसच उघडतं. न्हाणीघरं दोन, माणसं सहा, आंघोळ शॉवरने. गच्चीवरची टाकी शॉवरपासून ३ मीटर उंच. वीज सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॉट. थंडीत टाकीतलं पाणी १५ अंशांवर येतं. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर पुरेल का?

उत्तर १
शॉवरला नाही पुरणार. मिनिटाला किती लिटर हवं, गुणिले किती अंश तापवायचं, गुणिले ०.०७, म्हणजे लागणारे किलोवॉट. १५ वरून ४० अंशांवर न्यायचं तर २५ अंशांची वाढ. साधा शॉवर मिनिटाला ६ लिटर घेतो, म्हणजे साडेदहा किलोवॉट. ३ किलोवॉटमध्ये मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर मिळेल. त्यात हात धुवावेत, भांडी विसळावीत.

तुमच्या मंजूर भारात साडेदहा बसत नाही, तेव्हा गॅसच. एका वेळी एकच शॉवर चालणार असेल तर मिनिटाला ६ लिटर देणारा घ्या. दोन्ही एकदम हवेत तर १२ लिटरचा. हा लिटरचा आकडा किती अंशांच्या वाढीला दिलाय, ते माहितीपत्रकात नक्की बघा. दहा मिनिटांच्या आंघोळीला साधारण १६० ग्रॅम एलपीजी जळतो, म्हणजे सहा जणांना एक किलोच्या आसपास.

उत्तर २
लिटरपेक्षा मला दाबाची काळजी वाटते. ३ मीटर उंची म्हणजे फक्त ०.३ बार, त्यातला काही पाइपच्या कोपऱ्यांत आणि शॉवरच्या जाळीत जातो. गॅस गिझर पाण्याच्या प्रवाहावर पेटतो. प्रवाह किमान मर्यादेखाली गेला की ज्योत विझते. म्हणून किमान दाब आणि किमान प्रवाह हे दोन्ही आकडे बघितल्याशिवाय मॉडेल ठरवू नका. दाब कमी पडत असेल तर गिझरच्या आधी छोटा प्रेशर पंप लागेल.

आंघोळ करताना मध्येच पाणी गार होण्याचं नेहमीचं कारणही हेच. पाणी फार कडक म्हणून लोक थंड नळ सोडतात, गरम बाजूचा प्रवाह घटतो आणि बर्नर बंद पडतो. गिझरवरचं तापमानच ४०-४२ ला आणा, मिसळायची वेळच येऊ नये.

उत्तर ३
गिझर न्हाणीघरात अजिबात लावू नका, बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत लावा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. एक्झॉस्ट फॅन हा त्यावरचा उपाय नव्हे. गिझर आत असेल तर तो फॅन जळालेला वायू उलटा खोलीत ओढू शकतो.

प्रश्नकर्ता
बाहेरच लावतो. घर बंद करताना काय करायचं? एखाद्या रात्री पारा शून्याखालीही जातो.

उत्तर २
मग पाणी काढणं चुकवू नका. आतली तांब्याची नळी पातळ असते, बर्फ फुगला की फाटते. सिलिंडर बंद, पाण्याचा वॉल्व्ह बंद, गरम नळ उघडे, मग गिझरखालचा निचऱ्याचा स्क्रू काढून सगळं पाणी जाऊ द्या. ठिणगी पाडणारे सेलही काढून ठेवा, गळले की संपर्कपट्ट्या गंजतात.

परत आल्यावर आधी स्क्रू लावा, पाणी सोडा, नळातली हवा फसफसून संपू द्या, मगच गॅस उघडा. गॅसच्या नळीत हवा भरलेली असल्याने पहिल्या एक-दोन प्रयत्नांत नुसत्या ठिणग्या पडतील. प्रत्येक वेळी नळ बंद करून मिनिटभर थांबा. न जळलेला गॅस साठून भडका उडू शकतो.