मदत हवी आहे : महासभेत काय ठरलं, हे गल्लीला कळवायचं कसं?

मंडळी, आमचे नाशिकच्या पंचवटीतले नगरसेवक महापालिकेची महासभा (सगळ्या नगरसेवकांची बैठक) झाली की ठरावांचे फोटो ग्रुपवर टाकतात. हेतू चांगला, पण फोटो तिरके आणि भाषा ‘मान्यतेस्तव सादर’ छापाची. काल शेजारच्या काकूंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं नि विचारलं, ‘मग पाणी किती वाजता येणार?’

आता हे ठराव सोप्या मराठीत गल्लीतल्या फळ्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (हौस माझीच!) महासभेची मंजुरी मिळाली तरी पुढे निविदा, मग स्थायी समिती (खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची छोटी समिती), मग कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा हुकूम), हे दोन ओळींत कसं मांडू? इतिवृत्त (सभेच्या कामकाजाची लेखी नोंद) तुम्ही कुठून मिळवता? माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ आपणहून माहिती प्रसिद्ध करायला सांगतं, तरी अर्ज करावाच लागतो का? कुणी असा फळा चालवत असाल तर फोटो टाका, सरळ धरून.