प्रतिसाद: आरके०५ फिरतो, पण 'रेडी' लागत नाही

तुमच्या आरके०५ची, म्हणजे डीईसीच्या जुन्या डिस्क ड्राइव्हची, मोटर फिरते, पण 'रेडी'चा दिवा लागत नाही, म्हणून वरच्या एका उत्तरात कंट्रोलर बोर्ड बदलायचा सल्ला आलाय. माझ्या मते तो घाईचा आहे. 'फॉल्ट'चा दिवाही लागतोय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लागत असेल तर आधी पोझिशनरचा (डेटा वाचणारे-लिहिणारे हेड सरकवणाऱ्या भागाचा) छोटा बल्ब तपासा. हेड कुठे आहे हे ड्राइव्हला काचेच्या पट्टीवरून जाणाऱ्या त्याच्या उजेडावरूनच कळतं. बल्ब गेला की 'फॉल्ट' लागतो, आणि नवा बोर्ड टाकूनही काही उपयोग नाही.

पण त्याआधी कार्ट्रिज (तबकडी असलेला, काढता येणारा डबा) काढा, प्लीज! इतक्या वर्षांत हवेच्या मार्गातल्या फोमचा भुगा होतो आणि तो थेट तबकडीवर जातो. फोम, फिल्टर बदला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वीज गेल्यावर हेड मागे ओढणारी निकेल-कॅडमियम बॅटरीही बदलाच. ती मेलेली असेल तर वीज जाताच हेड तबकडीवर टेकू शकतात. मग ओरखडे ठरलेलेच.

पहिल्या चाचणीला कामाचा डेटा नसलेलं कार्ट्रिज लावा आणि कान उघडे ठेवा. हेड उतरताना किणकिण किंवा खरखर ऐकू आली, तर रन/लोड स्विच लगेच 'लोड'वर परत, म्हणजे ड्राइव्ह थांबेल.

हे सगळं ठीक असेल तर सेक्टर सेन्सरचे (तबकडी फिरताना तिच्या भागांची खूण देणाऱ्या सेन्सरचे) पल्स ऑसिलोस्कोपवर बघा. बोर्डाचं त्यानंतर.